गुण्या, कर्कटक आणि सैतान

साताऱ्यात गल्लीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज : ‘फ्रीमेसन म्हणजे सैतानपूजक गुप्त पंथ, आत गेलं की धर्म सुटतो.’ हे खरं नाही. फ्रीमेसन म्हणजे बंधुभाव जपणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद. बैठका बंद दाराआड होतात, म्हणून शंका येणं साहजिकच.

आधी त्यांचं चिन्ह बघा : गुण्या आणि कर्कटक. आपला गवंडी भिंतीचा कोपरा तपासतो, तोच गुण्या! पाथरवटांची ही हत्यारं इथे सचोटीची खूण आहेत. लंडनमध्ये १७२३ साली त्यांची नियमावली छापली गेली. लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेत, धर्म-राजकारणावरून भांडायला तिच्यात मनाई आहे. ती आज इंटरनेटवर फुकट वाचता येते, स्वतः पडताळा. भारतातल्या लॉजमध्ये हिंदू सभासद गीतेवर शपथ घेतो, मुसलमान कुराणावर, ख्रिस्ती बायबलवर. ईश्वरावर श्रद्धा ही तर प्रवेशाचीच अट.