इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी

सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा फ्लुरोस्कोपी, म्हणजे क्ष-किरणांचे हलते चित्र, पडद्यावर पाहत बारीक छिद्रातून शरीरात शिरून उपचार करणारी वैद्यकशाखा. गळवातला पू नळीने काढणे, फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेणे, तुंबलेल्या मूत्रपिंडाला वाट करून देणे, बंद धमनी उघडणे आणि वाहती धमनी मुद्दाम बंद करणे हे सगळे तिच्यात येते. बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. सुई टोचायची तेवढी जागा बधिर केली की पुरते.

रक्तवाहिन्यांमधले बहुतेक काम एका साध्या युक्तीवर उभे आहे. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी ती १९५३ साली प्रसिद्ध केली. धमनीत पोकळ सुई घालायची. रक्त उसळून आले की तिच्यातून लवचीक तार आत सरकवायची, मग तार तशीच ठेवून सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, आत न्यायचा. त्यामुळे सुईपेक्षा जाड नळी धमनी न कापता आत जाते. पुढे नळ्या कितीही बदलल्या तरी वाट तीच राहते. म्हणून शिकाऊ डॉक्टरला पहिल्या दिवसापासून बजावले जाते, की तारेचे बाहेरचे टोक हातातून सोडायचे नाही. कॅथेटरची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर.

मुळात तपासणीसाठी काढलेल्या या वाटेने उपचारही करता येतो, हे अमेरिकेतील पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी दाखवले. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन झाले होते आणि पाय कापू द्यायला त्या तयार नव्हत्या. डॉटरनी मांडीतली अरुंद झालेली धमनी तारेवरून एकाहून एक जाड कॅथेटर घालून रुंद केली. पाय वाचला. फुगा लावलेला कॅथेटर आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७०च्या दशकात आणला आणि १९७७ मध्ये झुरिकला तो हृदयाच्या धमनीत वापरला. गंमत म्हणजे रेडिओलॉजीच्या घरात जन्मलेली अँजिओप्लास्टी आज लोक हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखतात.

धमनी बंद करण्याचे, म्हणजे एम्बोलायझेशनचे, तर्कशास्त्र यकृताच्या कर्करोगात उत्तम दिसते. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून, मिळते. गाठ मात्र मुख्यतः यकृत धमनीवर पोसली जाते. तेव्हा त्या धमनीच्या नेमक्या फांदीत कॅथेटर नेऊन कर्करोगविरोधी औषध आणि बारीक कण सोडले, की गाठीची रसद तुटते आणि उरलेले यकृत बरेचसे शाबूत राहते. पोर्टल शीरच गुठळीने बंद असेल, तर हा हिशेब बिघडतो. नंतर काही दिवस ताप, मळमळ आणि पोटदुखी होते; रुग्णाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातील कर्करोग नसलेल्या गाठी, आणि प्रसूतीनंतर न थांबणारा रक्तस्राव यांवरही हाच मार्ग वापरतात. पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या धमनीतली गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत पक्षाघातानंतर २४ तासांपर्यंत या उपचाराचा उपयोग होतो.

छिद्र लहान असले तरी धोके असतातच. रक्तवाहिन्या क्ष-किरणात उठून दिसाव्यात म्हणून टोचलेल्या आयोडीनयुक्त द्रवाची, म्हणजे कॉन्ट्रास्टची, ॲलर्जी येऊ शकते, आधीच कमजोर मूत्रपिंडांवर ताण पडू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी थांबवायची का, हे ठरवावे लागते. जांघेतून काम झाल्यावर ती जागा हाताने दाबून धरतात किंवा खास साधनाने छिद्र बंद करतात, आणि रुग्णाला काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. क्ष-किरणांचा मारा रुग्णावर एकदाच होतो, डॉक्टरवर मात्र रोज. शिशाचा जड एप्रन वर्षानुवर्षे अंगावर वागवल्याने या मंडळींत पाठदुखीची तक्रार नेहमीची आहे.