‘आजचे वचन’ आणि कळवळा : नागपुरातील दैनंदिन ख्रिस्ती मननाची पार्श्वभूमी

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास नागपुरातील अनेक ख्रिस्ती घरांत फोनवर पहिला संदेश येतो तो ‘आजचे वचन’ या मथळ्याचा. बायबलमधला एक शास्त्रभाग, त्यावर दीड-दोनशे शब्दांचे मनन आणि शेवटी चार ओळींची प्रार्थना, हा त्याचा साचा ठरलेला आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की, कोणीतरी कधीतरी तो घडवला असेल हे वाचताना मनातही येत नाही. सध्या मात्र या मननांतील एका शब्दाबद्दल, म्हणजे पवित्र शास्त्रातला ‘कळवळा’ तसाच ठेवावा की त्याच्या जागी ‘दया’ किंवा ‘करुणा’ लिहावे याबद्दल, चर्चच्या मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मते ऐकू येतात. तो प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याचे कारण नाही. मठांतील प्रार्थनेच्या वेळा आणि स्तोत्रांचे नित्य पठण वाचकांना परिचित आहे. संसारी माणसासाठी रोजचे मनन ही कल्पना रुजवणाऱ्यांपैकी एकाशी नागपूरचा वेगळाच संबंध आहे. सदरमधील कॅथेड्रल ज्या संताच्या नावाने ओळखले जाते, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रेंच ग्रंथात घरदार आणि कामधंदा सांभाळणाऱ्यांनी सकाळी मनन कसे करावे हे टप्प्याटप्प्याने सांगितले. बागेतून निघताना माणूस दोन-चार फुले खुडून घेतो आणि ती दिवसभर हुंगतो, तसे मननातले एक-दोन विचार सोबत ठेवावेत, असेही त्याने सुचवले. आज मननाच्या तळाशी ‘दिवसभरासाठी विचार’ म्हणून जी ओळ छापलेली असते, ती याच फुलांच्या जातीची आहे. दुसरी परंपरा जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील हेर्नहुट या लहानशा वसाहतीची. तेथे १७२८ पासून रोज एक वचन घरोघरी पोचवले जाऊ लागले, १७३१ साली वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले गेले आणि वचने चिठ्ठ्या टाकून काढण्याची तेथील रीत आजही चालू आहे. वर्षभरात अख्खे शास्त्र वाचून व्हावे यासाठी १८४२ साली स्कॉटलंडमधील एका तरुण पाळकाने दिवसवार कोष्टक तयार केले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, त्याच देशातून आलेल्या मिशनरींनी भोसल्यांच्या नागपुरात आणि कामठीच्या छावणीत काम सुरू केले.

कामठीचा उल्लेख येथे केवळ भूगोलासाठी नाही. छावणीत मद्रासकडच्या पलटणी असल्यामुळे तमिळ आणि तेलुगू, गोऱ्या सैनिकांमुळे इंग्रजी, बाजारात उर्दू-हिंदी आणि आसपासच्या खेड्यांत मराठी असा कारभार होता. एकाच भाषेत प्रार्थना करणारी मंडळी या भागाच्या वाट्याला सुरुवातीपासूनच आली नाही. कॅथलिक धर्मगुरू विशाखापट्टणमच्या बाजूने येथे पोचले आणि १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हाही हीच स्थिती होती. भाषांची ही सरमिसळ पुढे शब्दांच्या निवडीत सारखी डोकावत राहते.

मराठी मननाच्या इतिहासात नागपूरचे नाव खरे गाजले ते आगगाडीच्या एका डब्यामुळे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या एका मराठी कवीला डब्यातल्या गोऱ्या सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. कवीने ते वाचन आवडीने नव्हे, तर दिलेला शब्द पाळण्यासाठी सुरू केले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी पोचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे कवी म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. येथे महत्त्वाचे हे की, पुढे त्यांनी ख्रिस्ती प्रार्थना अभंगात आणली आणि रोजच्या मननाला भाषांतरित प्रवचनाच्या चालीतून सोडवून वारकरी बोलीच्या जवळ नेले. संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांना रांगेत बसवून एक अभंग, एक शास्त्रभाग आणि आईच्या शब्दांतली प्रार्थना हा क्रम जुन्या ख्रिस्ती घरांत चालत असे, आणि त्यासाठी शाळेच्या वहीत पानापानावर वचने उतरवलेली असत. सामुदायिक प्रार्थनेची सवय असलेल्या विदर्भात शेजाऱ्यांना त्यात वावगे असे काही वाटण्याचे कारण नव्हते.

यानंतरचा मोठा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे आणि त्याचे श्रेय पुरेसे दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कॅथलिक उपासनेत लोकभाषेला वाव देणारा ठराव डिसेंबर १९६३ मध्ये रोमला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, झाला. १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने रविवारसाठी तीन वर्षांचे आणि इतर दिवसांसाठी सम-विषम अशा दोन वर्षांचे चक्र बांधून दिले. त्यामुळे मनन लिहिणाऱ्याला आपल्या आवडीचे वचन निवडण्याची मुभा उरली नाही. दिवसाचे वाचन आधीच ठरलेले, मग ते सोपे असो की अवघड. प्रोटेस्टंट बाजूला २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणून एकत्र आल्या आणि वेगवेगळ्या वळणाच्या प्रार्थना एका छताखाली आल्या. आज सकाळी येणाऱ्या संदेशांत वाचनक्रमाला बांधलेले मनन कोणते आणि मनाला येईल ते वचन घेऊन लिहिलेले कोणते, हे आठवडाभरात कळते. दुसऱ्या प्रकारात तीच दहा-बारा लाडकी वचने फिरून फिरून येतात.

आता त्या शब्दाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात गांजलेल्या, पांगलेल्या लोकसमुदायांना पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असे रूढ मराठी भाषांतर सांगते. येशूच्या दाखल्यांतल्या चांगल्या शमरोन्याला जखमी वाटसरूचा आणि उधळ्या पुत्राच्या बापाला परतणाऱ्या मुलाचा येतो तोही कळवळाच. या तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद एकच असून त्याचा संबंध आतड्यांशी आहे. पाहणाऱ्याच्या पोटात ढवळते, असा त्याचा भाव. जुन्या इंग्रजी भाषांतरकारांनी काही ठिकाणी आतडीच शब्दशः घातली आणि पुढच्या पिढ्यांना ते विचित्र वाटू लागले. मराठीला ही अडचण कधीच आली नाही, कारण आपल्याकडे पोटात कालवतेच आणि आतडे तुटतेच. कळवळणे म्हणजे मुळात वेदनेने तळमळणे, म्हणून कळवळ्यात दुसऱ्याचे दुखणे आपल्याच अंगात उठते. शिवाय कळवळ्याची जात कोणती, हे तुकोबांनी ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभावीण प्रीती’ असे मराठी माणसाला आधीच सांगून ठेवले होते. परक्या ग्रंथातल्या शब्दाला घरचा जोडीदार इतका नेमका मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

‘दया’ आणि ‘करुणा’ हे शब्दही शास्त्रात आहेतच. जे दयाळू ते धन्य. आणि जुन्या करारातल्या विलापगीतात परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, ज्या वचनावर रोजच्या मननाची सारी इमारत उभी आहे असे म्हटले तरी चालेल. त्यामागच्या हिब्रू शब्दाचे नाते गर्भाशयाच्या शब्दाशी आहे, आणि कामठीच्या बाजारात ऐकू येणारा ‘रहम’ हा अरबीतून आलेला शब्द त्याच मुळाचा. प्रश्न हे शब्द असण्याचा नसून ते एकमेकांच्या जागी बसवण्याचा आहे. दया वरून खाली येते. देणारा उंचावर आणि घेणारा पायथ्याशी असतो. म्हणून ‘प्रभू, दया कर’ ही विनवणी योग्यच आहे, पण रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकणाऱ्या शमरोन्याला तो शब्द पुरत नाही. करुणेची गोष्ट आणखी नाजूक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या, डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतरच्या नागपुरात हा शब्द बुद्धाच्या नावाशी इतका घट्ट जोडला गेला आहे की, काहींना तो ख्रिस्ती मननात उसना वाटतो, तर काहींना तो शेजाऱ्याशी बोलण्याचा पूल वाटतो. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे, तेव्हा मालकी हक्काची भाषा कोणीच करू नये. करुणा हा पूल आहे, हे मत प्रस्तुत लेखकाला अधिक पटते. तरीही पुलासाठी घरचा शब्द मोडीत काढावा, हे पटत नाही.

कळवळा मागे पडण्याचे खरे कारण धर्मशास्त्रात नसून मजकुराच्या प्रवासात आहे. टाळेबंदीत, मार्च २०२० पासून, चर्चची दारे बंद झाली आणि छापील पुस्तिका घरोघरी पोचेनात, तेव्हा फोनवरचे मनन ही सोय न राहता गरज बनली. रोज नवा मजकूर हवा असल्याने तो इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येऊ लागला. हिंदी शास्त्रात त्याच ठिकाणी ‘तरस आया’ असे आहे. नागपूरकर मराठीत हिंदी बेमालूम मिसळत असला, तरी रानातला तरस आठवून हा शब्द लिहिताना त्याचाही हात थांबतो, आणि मग ‘दया आली’ असे लिहून मोकळे होणे सोपे जाते. काही जण ‘कीव आली’ असेही लिहितात. ते मात्र सरळ चूक आहे, कारण कीव करणाऱ्याच्या पोटात काहीच हलत नाही.

ध्वनिमुद्रित मननांमुळे मात्र एक गंमत झाली आहे. वाचून दाखवणारे बहुधा मंडळीतले वयस्कर असतात, आणि रविवारच्या शाळेत पाठ केलेली वचने त्यांच्या जिभेवर बसलेली असतात. अशाच एका मुद्रणात समोरच्या कागदावर ‘त्याला दया आली’ असे छापलेले असताना वाचणाऱ्या आजोबांनी क्षणभर थांबून ‘त्याला त्याचा कळवळा आला’ असे म्हटले आणि ते पुढे वाचत गेले. सोबत आलेल्या लेखी मजकुरात दयाच होती.