अर्धा मिलिमीटर पाण्याचे सव्वा लाख

आर्वीकडच्या माझ्या एका दोस्ताच्या मुलानं पेनसिल्व्हेनियात घर घेतलं. तपासणीत तळघरात रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघाला आणि तो बाहेर काढणारी यंत्रणा बसवायचं कोटेशन आलं १,४०० डॉलरचं. तिकडे हजार ते अडीच हजारांपर्यंत लागतातच. बापानं सव्वा लाखाचा हिशोब मांडला आणि मला फोन केला, "एवढ्यात त बोअर होते गा! आपल्या घरालेही लावा लागते का हे?"

खडकात आणि मातीत थोडं युरेनियम असतंच. ते तुटत तुटत रेडियम होतं आणि रेडियममधून रेडॉन हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. ३.८ दिवसांत त्याचे अर्धे अणू तुटून दुसरी मूलद्रव्यं होतात, तीच त्याची पोरं. त्रास खरा त्याच्या पोरांचा: पोलोनियमचे घन कण फुप्फुसाला चिकटतात आणि तिथेच अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारा किरणोत्सार, सोडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर अनेक देशांत रेडॉनचाच नंबर लागतो. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १०० बेकरेलच्या आत राहा म्हणते (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू तुटणं). अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात. हा विषय गाजला तोही पेनसिल्व्हेनियातूनच. १९८४ मध्ये स्टॅनली वॉट्रस या अभियंत्यानं अणुभट्टीवर कामाला जाताना किरणोत्साराचा भोंगा वाजवला. भट्टी तर अजून सुरूही झाली नव्हती. रेडॉन त्याच्या घरात होता, घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल.

"रेडॉन हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जड आहे, सातपटीहून जास्त. पण १०० बेकरेल म्हणजे घनमीटरमागे जेमतेम पाच कोटी अणू, आणि त्याच घनमीटरात हवेचे रेणू २५ वर २४ शून्यं इतके. या गर्दीत वजन कोण विचारतो? तो खालच्या मजल्यावर जास्त असतो, कारण जमिनीतून तिथेच आत येतो.

आणि येतो कसा, ही खरी गंमत. घर जमिनीला शोषतं! थंडीत तिकडे घर तापवतात. गरम हवा वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते, तिची जागा भरायला खालून ओढ लागते आणि फरशीच्या भेगांतून मातीतली हवा आत येते. पाच मीटर उंच घर बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ही ओढ सुमारे ४ पास्कल. म्हणजे किती? पाण्याचा अर्धा मिलिमीटर थरही भरत नाही, एवढा दाब! सव्वा लाख मोजायचे ते या अर्ध्या मिलिमीटरवर मात करायला. फरशीला भोक पाडतात, चार इंची पीव्हीसी पाईप खाली उतरवून छतावर काढतात आणि त्याला पंखा लावतात. पंखा फरशीखाली घरापेक्षा जास्त ओढ ठेवतो. वायू घरात न शिरता पाईपातून वर जातो. ६० वॉटचा पंखा रात्रंदिवस चालला तर महिन्याला ४३ युनिट. खर्चात पाईप-पंखा थोडा, मजुरीच जास्त.

आता आपल्याकडे या. मे महिन्यात बाहेर ४५, खिडकीत कूलर. तो बाहेरची हवा आत ढकलतो, घरात दाब वाढतो आणि ओढच उलटते. वुडवूलच्या ताट्यांतून रेडॉनविरोधी यंत्रणाच चालू असते म्हणा ना. शिवाय कवेलूंच्या घराला शेकडो फटी. पश्चिम विदर्भातला काळा बेसॉल्ट तसाही युरेनियमला गरीब. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकात ते जास्त असू शकतं.

पण स्लॅबचं बंद घर, त्यात एसी, ही गोष्ट वेगळी. एसी हवा नुसती फिरवतो, बदलत नाही. काळ्या मातीवरच्या घराच्या फरशीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ते कुणाला सांगायला नको. आणि तिकडची यंत्रणा जशीच्या तशी इथे चालेलच असं नाही: त्यांच्या फरशीखाली बहुधा गिट्टी असते, आपल्या जोत्यात धुम्मस केलेला मुरूम. त्यातून ओढ पसरत नाही. एका भोकाऐवजी तीन-चार पाडावी लागतील आणि खर्च वाढेल.

आधी मोजावं. एक लहानशी फिल्म तीन महिने खोलीत टांगतात, अल्फा कणांनी तिला पडलेले ओरखडे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात मोठे करतात आणि मोजतात. बाजारात 'रेडिएशन शोषणाऱ्या' पट्ट्या विकतात, त्यांना रेडॉन भीक घालत नाही.

दोस्त पोराच्या येण्यासाठी एसीची नवी खोली बांधतोय. जोतं अजून उघडं आहे, म्हणून म्हटलं, फरशीखाली चार इंच गिट्टी टाक, एक पाईप उभा करून वर टोपी लावून ठेव. पंखा लागलाच तर पुढे पाहू. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मिस्त्री विचारत होता, "संडास त मांगं आहे, मंग हा पाईप कायचा?"