कोयता, उचल आणि सोळाव्या वर्षीचं बाळंतपण

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडं साखर कारखान्यांकडे निघतात. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला: नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराचा अर्धा कोयता, उचलही निम्मी. हंगामाआधी पोराचं लग्न उरकलं की त्या घराचा हिशेब जमतो. पोरीच्या घरचा हिशेब निराळा. आईबाप पाच-सहा महिने उसाच्या फडात. वयात आलेली पोर गावी आजीजवळ ठेवावी तर जिवाला घोर, सोबत न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, ना दार ना कडी. अनेक लहान गावांत शाळा सातवीलाच संपते. पुढच्या वर्गासाठी एसटीचा पास मुलींना फुकट आहे खरा, पण वस्तीवर एसटी यायला तर हवी! त्यात लहान वयाच्या पोरीला हुंडा कमी लागतो. दुष्काळी वर्षात ही सगळी घाई वाढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या. बीडमध्ये जवळपास ४४, परभणीत ४८. लग्न झालं की पाळणा कधी हलणार याची विचारणा सुरू. आशाताईंकडे निरोध, माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या असतात, सरकारी दवाखान्यात अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं. पण पहिल्या मुलाआधी ते मागणारी सून विरळा, मागणारा नवरा त्याहून विरळा. म्हणून जनजागृतीच्या फलकांवर माझा फारसा भरवसा नाही. अठराची अट ठाऊक नसलेलं घर आता शोधावं लागेल.

पाळी आली की पोर 'शहाणी झाली' म्हणतात. शरीराचं वेळापत्रक मात्र इतकं सरळ नसतं. पाळी सुरू झाल्यावरही उंची थोडी वाढते आणि कटिराची, म्हणजे ओटीपोटाभोवतीची, हाडं त्यानंतरही काही वर्षं रुंदावत राहतात. ती वाढ पुरी होण्याआधी बाळाचं डोकं त्यातून उतरायचं, तर प्रसूती अडण्याची भीती जास्त. शिवाय लोह, कॅल्शियम, प्रथिनं तिच्या स्वतःच्या वाढीलाही लागतात आणि गर्भालाही. वाढत्या वयातल्या गरोदर मुलींच्या अभ्यासांत असं आढळलं आहे की आईचं वजन नीट वाढलं तरी बाळ लहानखुरं जन्मतं; तिचं शरीर आपला वाटा सोडत नाही. आधीच रक्त कमी असेल तर दोघांचेही हाल. रक्तदाब वाढून झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं, हे धोकेही विशीतल्या आईपेक्षा या वयात अधिक. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी अनियमितच असते, त्यामुळे ती चुकली तरी दिवस गेल्याची शंका उशिरा येते. पहिली तपासणी व्हायची ते महिने असेच निघून जातात.

तोवर बिऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यात. गावच्या आशाताईंच्या वहीतलं नाव मागे राहतं, फडाजवळच्या दवाखान्याला ही बाई ठाऊक नसते. शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा तिच्या संरक्षणासाठी आहे. घरच्यांना मात्र त्यात नवऱ्याची अटक दिसते. मग काही घरं दवाखानाच टाळतात, काही केसपेपरवर वय १९ सांगतात. वय १९ लिहिलं की कोवळ्या वयाची जोखीम म्हणून वेगळी नोंद होत नाही आणि दवाखान्याच्या आकड्यांत ती सज्ञान आई म्हणून मोजली जाते.