हास्यचित्र (मराठी मासिके व दिवाळी अंक)

हास्यचित्र : एका चौकटीत घडून तिथेच संपणारा, वाचकाला हसवण्यासाठी काढलेला चित्रविनोद. राजकीय व्यंगचित्राला आदल्या दिवशीची बातमी लागते आणि बातमी शिळी झाली की चित्रही शिळे होते. हास्यचित्राला घर, चाळ, कचेरी, दवाखाना, बसची रांग एवढे भांडवल पुरते. एखाद्याच्या चेहऱ्याची ठेवण ताणून दाखवणारे अर्कचित्र याहून निराळे. बोलण्यात आपण तिन्हींना सरसकट ‘व्यंगचित्र’ किंवा ‘कार्टून’ म्हणतो. त्यामुळे निखळ हसवणाऱ्यांची नावे पुढाऱ्यांवर कुंचला चालवणाऱ्यांच्या मागे झाकली जातात. मराठीत या प्रकाराला खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत, मासिकांच्या आणि विशेषतः दिवाळी अंकांच्या पानांवर.

एकचौकटी विनोदाची रीत इंग्रजी साप्ताहिकांतून आली. लंडनचे ‘पंच’ १८४१ पासून निघत होते, तर न्यूयॉर्कचे ‘न्यूयॉर्कर’ १९२५ मध्ये सुरू झाले. मराठीत ती रुजवण्यात शंकरराव किर्लोस्कर (शंवाकि) यांचा वाटा मोठा आहे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांचे हे संपादक स्वतः चित्रकला शिकलेले होते. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने त्यांनी काढलेली चित्रे रूढींवर आणि ढोंगावर नेम धरणारी होती. त्यांत सुधारकाची कळकळ अधिक आणि मौज दुय्यम. तरीही मासिकात चित्र कथेच्या दिमतीला न राहता स्वतःच्या पायावर उभे राहू शकते, हे वाचकाच्या अंगवळणी पडले ते अशाच कामामुळे.

दिवाळी अंकाची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. हास्यचित्राला मात्र त्यात हक्काची जागा मिळाली ती पुढे. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. अनंत अंतरकरांचे ‘हंस’ १९४६ मध्ये निघाले, त्यापाठोपाठ ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ आले. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ १९५१ चा. फराळाचे ताट आणि अंक एकाच वेळी घरात येत. तोच अंक आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरे, आणि अक्षरओळख नसलेल्या मुलाचाही त्यात वाटा असे, तो चित्रांपुरता.

शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांची चित्रे या वाट्याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांच्या बहुतेक चित्रांना शब्दच नाहीत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर आलेले त्यांचे मांजर-उंदराचे चित्र पाहावे. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बस्स, एवढेच. कपड्यांवरच्या छापाला जीव आहे असे एकदा मानले की पुढची सगळी गोष्ट पाहणाऱ्याच्या डोक्यात घडते. कोणी घसरून पडत नाही, कोणाची फजिती होत नाही, तरी ओठ आपोआप रुंदावतात. मुखपृष्ठ म्हणजे सुंदर स्त्रीचे चित्र, हा त्या काळचा शिरस्ता होता. फडणिसांनी ती जागा विनोदाला मिळवून दिली, आणि माझ्या मते मराठी दिवाळी अंकाच्या रूपात त्या काळी झालेला हा सर्वांत आनंदाचा बदल आहे. पुढे त्यांनी शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही चित्रे काढली. ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनामुळे त्यांची चित्रे अंकांबाहेर पडून भिंतींवर आली.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचा पिंड वेगळा. कोल्हापूरचे सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. चित्रे नोकरी सांभाळून काढलेली. त्यांच्या रेषेला वाचनाचा आधार आहे. पु. ल. देशपांडे यांच्या अनेक पुस्तकांतील माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती सरवट्यांनी रेखाटलेल्या चेहऱ्यांनी. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांची फिरकी घेत. लाकडी हातोडा घेतलेला तो ठणठणपाळ सरवट्यांनी असा काढला की लेखकाचे नाव बाजूला राहून चित्रच त्याची ओळख बनले. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे मराठी साहित्यव्यवहाराचा हसरा इतिहास आहेत. आपल्या कलेवर गंभीरपणे लिहिणाराही हाच माणूस. ‘परकी चलन’मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख मराठी वाचकाला करून दिली.

हरिश्चंद्र लचके, प्रभाकर ठोकळ, श्याम जोशी, वसंत गवाणकर, मंगेश तेंडुलकर ही या पिढ्यांतली आणखी काही नावे. बाळ ठाकरे यांचे १९६० मध्ये सुरू झालेले ‘मार्मिक’ व्यंगचित्र साप्ताहिकच होते, पण त्याचा कल राजकारणाकडे.

या चित्रांची रेष एवढी मोजकी का, याचे एक कारण छापखान्यात आहे. चित्रकार काळ्या शाईत, छापायच्या आकाराहून मोठे चित्र काढी. ब्लॉकमेकर, म्हणजे छपाईचा ठसा (ब्लॉक) बनवणारा, त्याचा लहान केलेला फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवी. रेषेबाहेरचा भाग आम्लाने खाल्ला की रेषा उठून राही. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून मजकुराच्या खिळ्यांशेजारी (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांशेजारी) बसवत. कागद खरबरीत असला की दाट रेघोट्यांच्या मध्ये शाई भरून काळा डाग पडे, आणि फार बारीक रेघ तुटे. म्हणून चार रेषांत सोफा आणि दोन ठिपक्यांत साहेबाचा राग दाखवणे भागच होते. कथा संपून खाली अर्धा रकाना मोकळा राहिला की तिथे असे चित्र बसे. कित्येकांना जागा मिळाली ती अशी.

विषयांत तोचतोचपणा होता, हेही नोंदवले पाहिजे. लाटणे उगारलेली बायको, उशिरा घरी येणारा नवरा, झोपाळू कारकून, विसराळू प्राध्यापक. निर्जन बेटावरचा एकटा माणूस तर परदेशी मासिकांतून थेट इकडे आला. बायकांवरचे बरेच विनोद आज वाचताना खटकतात, आणि ते काढणारे जवळपास सगळे पुरुष होते. पण याच चित्रांत त्या काळच्या मध्यमवर्गीय घराची जी बारीकसारीक नोंद आहे, ती इतरत्र क्वचितच सापडते: रेडिओवरचे विणलेले झाकण, खुंटीवरची टोपी, रॉकेलची रांग, दोन खोल्यांत मावलेली सात माणसे.

चावटपणाला वाट दिली ‘आवाज’च्या खिडकीचित्रांनी. वरच्या पानाला खिडकीसारखा तुकडा कापलेला असे आणि त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा काही भाग दिसे. वरच्या चित्राच्या संगतीत तो पाहिला की भलतीच शंका येई. पान उलटले की खाली अगदी साधी, निरुपद्रवी गोष्ट निघे. शंका वाचकाची, चित्र सोज्वळ! अंक घरातल्या मोठ्यांपासून लपवून पाहण्यातही गंमत होती.

या कामाचा फार थोडा भाग पुस्तकरूपाने टिकला आहे. वर्ष उलटले की अंक रद्दीत जात. वाचनालयांनी बांधून ठेवलेल्या खंडांतही अनेकदा बाइंडरने मुखपृष्ठे काढून टाकलेली दिसतात, म्हणजे रंगीत हास्यचित्रे नेमकी तीच गेली. कोपऱ्यातल्या बारीक सहीखेरीज चित्रकाराचा काही मागमूस राहत नाही, आणि ब्लॉक लहान करताना कधी ती सहीही पुसट झालेली असते. अलीकडे जुन्या अंकांची पाने स्कॅन करून जपली जात आहेत, त्याने साध्या चित्रांची सोय झाली. खिडकीचित्र मात्र पडद्यावर दोन सुटी पाने होऊन बसते. ते पाहायला अंक हातात घेऊन बोटानेच पान उलटावे लागते.