भुईकोट भ्रमंती (सोलापूर परिसर)

सपाट मैदानावर बांधलेले किल्ले हिंडून पाहण्याचा छंद. महाराष्ट्रात किल्ला म्हटले की सह्याद्रीची चढण, दोर आणि धापा आठवतात. सोलापूरकरांच्या वाट्याला मात्र डोंगर नाहीत, भुईकोट आहेत. येथे चढण्याचे कष्ट कमी असल्याने तासाभरात ‘किल्ला झाला’ म्हणून परतणारे पुष्कळ. ही घाई फार वाईट, कारण भुईकोटाचे सारे बळ खंदक, दरवाजे आणि पाण्याची सोय यांत असते आणि ते सावकाश फिरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात शहरातल्याच किल्ल्यापासून करावी. बहमनी काळातील या कोटाला दुहेरी तटबंदी असून तीन बाजूंना खंदक व पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे. आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत. तटाच्या काही दगडांवर जुन्या देवळांचे कोरीव काम उलटसुलट बसलेले दिसते. ते शोधत तटाकडेने चालावे. फ्रान्समधील कार्कासोनची दुहेरी तटबंदी पाहायला जगभरातून लोक जातात. तशीच रचना आपल्या पार्क चौकाशेजारी उभी आहे, हे अनेक सोलापूरकरांच्या ध्यानातही नसते. आदिलशाही आणि निजामशाही या कोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. 1524 च्या सुमारास आदिलशाही राजकन्येच्या निजामशाहाशी झालेल्या लग्नात सोलापूर आंदण देण्याचे ठरले, पण ते दिले गेले नाही आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे निजामशाही राजकन्या चांदबीबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाले, तेव्हा तेच सोलापूर उलट दिशेने आंदण म्हणून विजापूरकरांकडे गेले. मे 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या शिबंदीकडून तो जिंकला.

या भ्रमंतीचा कळस म्हणजे नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर सोलापूरहून सुमारे 45 किमी. जिल्हा धाराशिव, पण सोलापूरकर तो आपलाच मानतात. बोरी नदीवर बंधारा घालून मुख्य किल्ला शेजारच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला आहे आणि या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील पाणीमहाल आहे. अरुंद, अंधाऱ्या जिन्याने उतरावे लागते. वर सूर्य तापलेला असला तरी खाली दगड हाताला गार लागतो. कमानीतून प्रकाशाचा पट्टा आत येतो. नदीला भरपूर पाणी आले की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून ते कोसळते, महालाच्या सज्जातून तो लोट अगदी जवळून दिसतो आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येईनासे होते. इतके पाणी डोक्यावर घेऊन ही खोली चारशे वर्षे टिकली, यात त्या काळच्या गवंड्यांचे खरे कर्तृत्व आहे. येथील फारसी शिलालेखाचा आशय असा, की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. त्यानंतर उपळी बुरूज चढावा. लांबच लांब तोफा आणि नदीचे वळण तेथून नीट समजते.

बार्शीजवळचा परांडा तोफांसाठी पाहावा. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही अवजड तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्यात होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेली गेली. परांडा आणि विजापूर लागोपाठ पाहिले, तर एवढे धूड त्या मार्गाने ओढून नेणे म्हणजे काय, याची कल्पना येते. मंगळवेढा रस्त्यावरील माचणूरला भीमेकाठी छोटा कोट आहे. त्याजवळच्या ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी 1695 पासून काही वर्षे होती.

हिंडण्याचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटापासून माघापर्यंत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तटावर सावली नसते, म्हणून सकाळी लवकर निघावे. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी सर्वांत सोयीची, कारण दोन्ही दिवस दिवस टिकतात. विजेरी जवळ हवीच. पावसाळ्यानंतर गवतात बावड्यांचे कठडे दिसत नाहीत, त्यामुळे मळलेली पायवाट सोडू नये. नळदुर्गला सांडवे वाहत असताना शेवाळलेल्या कडेला जाऊन फोटो काढणे जिवावर बेतू शकते. तेथील रखवालदार थांबा म्हणाला की थांबावे.