आत्याचा अभंग गाडीत बारीक का वाजला

गणपतीच्या आधी आत्याचा एक अभंग घरीच रेकॉर्ड केला, इथे इंदूरला लोकमान्यनगरात, कूलर बंद करून, दाराला गादी टेकवून. हेडफोनवर एकदम झकास. मग भावाच्या गाडीत एका फिल्मी गाण्यानंतर लावला तर आत्याच म्हणाली, "अरे, मी काय शेजारच्या खोलीत बसून गायले का?"

डिजिटल आवाजाला वर एक छत असतं, शून्य डेसिबल. त्याच्या वर जायला गेलात की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. आता गंमत अशी की आमचा अभंग छताला टेकलेलाच होता, तरी बारीक! कारण कान शिखर बघत नाही, तो साधारण १००-२०० मिलिसेकंदात मिळालेली ऊर्जा जमवतो आणि त्यावरून मोठं-लहान ठरवतो. तबल्याच्या चाटीवरचा 'ना' काही मिलिसेकंदात उसळतो, छताला डोकं आपटतो, विरतो... कानाला तो फार मोठा वाटतही नाही, पण जागा सगळी त्यानेच खाल्लेली, आणि आत्या बिचारी खूप खाली.

मी काय केलं, लिमिटर (छताला लागणारी टोकं आपोआप दाबणारं साधन) लावून सगळं १० डेसिबल वर ढकललं. म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. तबला पुठ्ठ्याचं खोकं वाजवल्यासारखा झाला आणि दोन ओळींच्या मधे वरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली, कारण लिमिटरला अभंग काय नि शिट्टी काय, बारीक ते सगळं वर येतं.

खरं काम त्याच्या आधीच, मिक्समधे, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवताना असतं. १९३३ मधे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की सगळ्या फ्रिक्वेन्सी कानाला सारख्या ऐकू येत नाहीत, २ ते ५ किलोहर्ट्झला तो सगळ्यात तल्लख आणि खालच्या खर्जाला जरा बहिराच. म्हणजे आत्याच्या माइकमधे शिरलेली रस्त्यावरच्या टेम्पोची घरघर ऐकू फारशी येत नाही पण जागा खाते! ८० हर्ट्झच्या खालचं कापलं, तिच्या आवाजाचं काहीच गेलं नाही. हार्मोनियम आत्याच्याच आवाजाच्या पट्ट्यात भांडत होती, पेटीला तिथे थोडं दाबलं. चाटीची टोकं फक्त तबल्याच्या ट्रॅकवर ३ डेसिबल छाटली. डग्ग्याला हलकं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम जरासा फाडला, त्याने वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) तयार होतात, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून मूळ घुमारा येत नसला तरी मेंदू त्या हार्मोनिक्सवरून तो स्वतःच भरून घेतो (मला हे अजून जादूच वाटते).

आणि ढकलून ढकलून मिळतं काय? यूट्यूब, स्पॉटिफाय आवाज लफ्स (LUFS) नावाच्या मापात मोजतात, म्हणजे शिखर नाही तर कानाला एकूण किती मोठं वाटतं ते; हे माप २००६ मधे आलेल्या आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीवर बेतलेलं आहे, आणि गाणी साधारण उणे १४ ला आणतात. तुम्ही उणे ८ चं गाणं दिलंत तर ते ६ डेसिबल खाली ओढतात, पण चपटा केलेला तबला चपटाच राहतो. पेन ड्राइव्हवर मात्र कुणी ओढत नाही, तिथे मारामारी चालूच. म्हणून फिल्मी गाण्याशी तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा भिया, नाहीतर जे जरा मोठं तेच चांगलं वाटतं, मीही फसलोय.

शेवटी उणे १३ लफ्सवर थांबलो, शिखर उणे १ डेसिबलला. परत गाडीत लावलं. आत्या डोळे मिटून ऐकत होती, मग म्हणाली, "हां, आता आले मी पुढे. पण ही शिट्टी वरच्या काकूंचीच ना?"